कच्चं, पाडाचं, पिकलेलं: थाई स्वयंपाकघरात फळाचं काय काय होतं

बँकॉकच्या फुटपाथवर फळांच्या हातगाडीला काचेची पेटी असते. आत बर्फ, बर्फावर सोललेला अननस, पेरू, कलिंगड आणि हिरवीगार कैरी. गिऱ्हाइकानं बोट दाखवलं की विक्रेता भराभर फोडी करून पिशवीत भरतो, बांबूची काडी खोचतो आणि वर एक चिमुकली पुडी देतो. पुडीत मीठ, मिरची आणि साखर. तिला म्हणतात प्रिक क्लुआ, म्हणजे शब्दशः ‘मिरची-मीठ’. शाळेबाहेरच्या कैरीवर भुरभुरतात त्या आपल्या तिखटमिठाची ही सख्खी बहीणच, फक्त हिच्यात साखर सगळ्यांत जास्त. घरी करायची तर तीन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा जाड मीठ आणि दोन-तीन ओल्या लाल मिरच्या. आधी मीठ-मिरची कुटायची, मग साखर घालून हलक्या हातानं एकत्र करायची. साखर आधीच घातली तर कुटता कुटता तिचं पीठ होतं, मिरचीच्या पाण्यानं ती विरघळते आणि पुडीऐवजी लगदा हाती येतो.

ही पुडी फळाला चव आणण्यापुरती नाही. थाई ताटात आंबट, खारट, गोड आणि तिखट यांचा तोल साधायचा असतो आणि त्यातलं आंबट व गोड पुष्कळदा फळाकडूनच येतं. म्हणून तिथे फळ कोशिंबिरीत येतं, रश्श्यात येतं, चटणीत येतं, भातावर येतं. ते कशात जाणार हे ठरतं ते किती पिकलंय यावर.

थाई भाषेत फळाच्या अवस्थांना सुटसुटीत शब्द आहेत. दिप म्हणजे कच्चं, हाम म्हणजे अर्धवट पिकलेलं, सुक म्हणजे पिकलेलं आणि ङोम म्हणजे अतिपिकलेलं, लिबलिबीत. मराठी वाचकाला यात परकं काही वाटू नये. बाळकैरी, कैरी, पाडाचा आंबा, गाभुळलेली चिंच हे शब्द आपण उगाच नाही बनवले. फळ पिकतं तेव्हा त्यातल्या स्टार्चची साखर होते, आम्लपणा उतरतो, पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सैल पडतं म्हणून गर मऊ होतो, आणि जीभ आवळणारा तुरटपणा जातो. म्हणजे कच्चं आणि पिकलेलं फळ स्वयंपाक्यासाठी दोन निराळे जिन्नस आहेत. कच्ची पपई ही भाजी, पिकलेली पपई हे फळ, एवढं आपणही मानतो. थाई लोक तोच हिशेब जवळजवळ प्रत्येक फळाला लावतात.

आंब्याचंच घ्या. आंबट कैरी किसून तळलेल्या माशावर घालतात, किंवा मिरची आणि कोळंबीच्या खारवलेल्या पेस्टबरोबर कुटून चटणी करतात. ‘खियाव सवोय’सारख्या जाती तर हिरव्या असतानाच खायच्या: सालीवरून कैरी, पण आतून करकरीत आणि गोडसर. ‘फा लान’ या जातीच्या नावाचा अर्थ मेघगर्जना. सुरी लावली की फळ कडकन तडकतं म्हणून. पिकवून खायचे आंबे वेगळे, त्यांत ‘नाम दोक माय’ सर्वांत प्रसिद्ध: पिवळाधमक, लांबुडका, शेवटाकडे निमुळता, रेषा जवळपास नाहीत. आणि जास्त पिकलेले उरले की साखर घालून आटवायचे, पातळ पसरून वाळवायचे. ती झाली आपली आंबापोळीच.

कैरीबरोबरचा गोड-खारट पाक

आंबट कैरीचा खरा जोडीदार म्हणजे नाम प्ला वान, शब्दशः ‘गोड फिश सॉस’. ऐकायला विचित्र, पण एकदा जमला की कैरीच्या नुसत्या तिखटमिठाकडे परत जाणं अवघड आहे.

200 ग्रॅम पाम साखर आणि 80 ते 100 मिलीलीटर फिश सॉस जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचा. थाई पाम साखर माडाच्या किंवा ताडाच्या रसाची, फिकट आणि मऊ असते. गोव्याकडचा माडाचा गूळ चालतो, फक्त रंग गडद येतो आणि धुराचा किंचित वास असतो. उसाचा गूळ घ्यायचाच झाला तर फिकट घ्यावा. साखर विरघळून आठ-दहा मिनिटं बुडबुडे येऊ द्यायचे. इथे बहुतेकांची चूक होते: पाक गरम असताना पातळ दिसतो म्हणून आणखी आटवतात आणि गार झाल्यावर त्याची चिक्की होते. थेंबभर पाक गार बशीत टाकून पाहावा. बशी तिरकी केल्यावर थेंब हळूहळू ओघळला की गॅस बंद. कोमट झाल्यावरच बारीक चिरलेले पाच-सहा छोटे कांदे, चार-पाच तिखट मिरच्या आणि दोन मोठे चमचे सोडे घालायचे. सोडे आपल्या वाळवणातले चालतात, पण ते धुऊन, कोरडे भाजून, जाडसर कुटून. कांदा गरम पाकात पडला तर तो पाणी सोडतो आणि सगळं पातळ होतं.

फिश सॉस म्हणजे छोटे मासे आणि मीठ एकत्र मुरवून, वर्षभर किंवा अधिक काळानं निथळून घेतलेलं पाणी. तो खारटपणासाठी तर आहेच, शिवाय मांसल चवीसाठीही. शाकाहारी घरात पातळ सोया सॉसमध्ये थोडं मीठ घालून काम भागतं. चव तीच येत नाही, पण पाकाचा तोल राहतो. फक्त मीठ घातलं तर मात्र पाक पोकळ लागतो.

जाता जाता: हाच पाक, चिंचेचा कोळ घालून, थायलंडमध्ये कडुलिंबाच्या मोहोराबरोबर खातात. मोहोर आणि कोवळी पालवी उकळत्या पाण्यातून काढायची, सोबत भाजलेला मासा किंवा कोळंबी. आपण पाडव्याला गूळ-चिंचेबरोबर कडुलिंबाची पानं चावतो ती वर्षातून एकदा, तोंड वाकडं करून. तिथे हे हिवाळ्यातलं आवडीचं जेवण आहे.

कच्च्या पपईचं सोम तम

सोम म्हणजे आंबट, तम म्हणजे कुटणं. हा पदार्थ थायलंडच्या ईशान्येचा, म्हणजे इसान भागाचा, आणि शेजारच्या लाओसचा. पपई मुळात अमेरिका खंडातली, युरोपीय जहाजांबरोबर आशियात आली. मिरचीचंही तेच. म्हणजे आज ज्याला अस्सल थाई म्हणतात त्या पदार्थातले दोन मुख्य जिन्नस बाहेरून आलेले. बटाटेवड्याच्या देशानं याचं आश्चर्य मानू नये.

पपई पूर्ण हिरवी, दगडासारखी टणक हवी. आत किंचित केशरी झाक आली की ती सोम तमला बाद: कुटताना मऊ पडते. सोलून, चीक धुऊन टाकायचा. हाताला खाज येत असेल तर हातमोजे घालावेत. मग बारीक लांब काड्या करायच्या. थाई पद्धत अशी की पपई एका हातात धरून लांब सुरीनं वरून उभे घाव घालायचे आणि मग वरचा पातळ थर छिलून काढायचा. काड्या असमान निघतात आणि तेच हवं असतं. आपली खिसणी नको. तिनं चोथा होतो. काड्या दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवून पूर्ण निथळायच्या. पाणी राहिलं तर सगळा मसाला फिका.

दोघांपुरतं प्रमाण: 200 ग्रॅम पपईच्या काड्या, दोन पाकळ्या लसूण, तीन तिखट मिरच्या, दीड मोठा चमचा पाम साखर, दीड मोठा चमचा फिश सॉस, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, चवळीच्या दोन-तीन लांब शेंगा तुकडे करून, चार-पाच छोटे टोमॅटो, दोन मोठे चमचे भाजलेले शेंगदाणे, एक मोठा चमचा सोडे.

क्रम महत्त्वाचा. आधी लसूण-मिरची ठेचायची, पण गुळगुळीत वाटायची नाही. मग साखर, ती विरघळेपर्यंत. मग शेंगा, त्या नुसत्या चिरडायच्या. मग टोमॅटो, फक्त फुटेपर्यंत. फिश सॉस, लिंबू. शेवटी पपई. आता एका हातात लाकडी बत्ता, दुसऱ्या हातात मोठा चमचा: बत्त्यानं हलकं ठोकायचं, चमच्यानं खालचं वर करायचं, पंधरा-वीस वेळा. उद्देश पपई कुटायचा नाही, तिला मुका मार द्यायचा आहे, म्हणजे मसाला आत शिरतो आणि काडी करकरीत राहते. म्हणून तिथे या कामाला खोल मातीची उखळी आणि लाकडी बत्ता वापरतात. दगडी खलात पपईचा भुगा होतो. आपल्या घरी लसूण-मिरची खलबत्त्यात ठेचावी, पुढचं काम खोल पातेल्यात लाटण्याच्या टोकानं करावं. शेंगदाणे सगळ्यांत शेवटी.

खाताना वेळ लावायचा नाही. मीठ आणि साखर पपईतलं पाणी ओढून काढतात, अर्ध्या तासात तळाला तळं साचतं. डब्यात न्यायचा हा पदार्थ नव्हे. इसानच्या मूळ पद्धतीत शेंगदाण्याऐवजी प्ला रा, म्हणजे आंबवलेल्या माशाचं दाट पाणी, आणि खारवलेले छोटे खेकडेही असतात. त्यांत कच्चेपणी परजीवींचा धोका असतो. ज्याला सवय नाही त्यानं शेंगदाण्याचं, ‘सोम तम थाय’ नावाचं सौम्य रूपच मागवावं.

पपनसाची कोशिंबीर, याम सोम-ओ, हिच्या अगदी उलट स्वभावाची. कुटणं नाहीच. गोव्यात चतुर्थीच्या माटोळीला टांगतात तेच हे फळ. पाकळीची पांढरी कातडी पूर्ण सोलायची, कारण कडवटपणा तिच्यात असतो, आणि आतले रसाचे दाणे हातानं अलगद मोकळे करायचे. सुरी लावली की दाणे फुटले आणि रस वाहिला. त्यावर भाजलेलं खोबरं, तळलेला कांदा, शेंगदाणे, उकडलेली कोळंबी, आणि चिंच-पाम साखर-फिश सॉसचा घट्ट पाक. पाक गार हवा आणि ताटात वाढतानाच मिसळायचा.

आंबा आणि चिकट भात

खाव नियाव मामुआंग जगभर पोचलं आहे. एप्रिल 2022 मध्ये मिली या थाई रॅपरनं अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात ते रंगमंचावर खाल्लं आणि मायदेशी या पदार्थाच्या ऑर्डरी एकदम वाढल्या. नाव साधं आहे, चिकट भात आणि आंबा, पण बिघडतं ते हमखास भातापाशी.

नेहमीच्या तांदळात दोन प्रकारचा स्टार्च असतो, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतोच, म्हणून दाणे एकमेकांना धरून राहतात, पण प्रत्येक दाणा चावताना वेगळा जाणवतो. इंद्रायणी कितीही चिकट वाटला तरी तो हा तांदूळ नव्हे. त्याची नारळाच्या दुधात खीर होते. आसामचा बोरा तांदूळ मात्र याच जातकुळीचा आहे आणि तो मिळाला तर उत्तम.

300 ग्रॅम तांदूळ पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचा. थायलंडमध्ये काही जण या धुण्यात तुरटी फिरवतात, दाण्याला चकाकी येते म्हणून. किमान चार तास, शक्यतो रात्रभर भिजवायचा. हा तांदूळ पाण्यात शिजवत नाहीत, वाफवतात. त्याला लागणारं पाणी भिजतानाच आत जायला हवं, नाहीतर मध्ये कणी राहते आणि मग कितीही वाफवलं तरी ती जात नाही. मोदकपात्रात ओलं मलमल पसरून त्यावर तांदूळ पातळ थरात ठेवायचा, 20 ते 25 मिनिटं, मध्ये एकदा उलटून.

भात वाफेवर असतानाच 250 मिलीलीटर नारळाचं जाड दूध, 120 ग्रॅम साखर आणि पाऊण छोटा चमचा मीठ गरम करायचं, साखर विरघळेपर्यंतच. खळखळून उकळलं की दूध फाटून तेल वर येतं. गरम भातावर गरम दूध ओतायचं, हलक्या हातानं ढवळायचं, झाकायचं. या घडीला भात दुधात पोहताना दिसतो आणि नवखा माणूस घाबरून दूध ओतून टाकतो. टाकू नये. दहा मिनिटांनी एकदा खालीवर करून पुन्हा दहा-पंधरा मिनिटं झाकलं की भात सगळं दूध पितो. गार भात मात्र ते पीत नाही, म्हणून ही कामं एकाच वेळी जुळवून आणायची.

वरून घालायचं दूध वेगळं: 120 मिलीलीटर दाट दूध, पाव छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा तांदळाचं पीठ पाण्यात कालवून. जरा दाट झालं की उतरवायचं. ते खारट लागायला हवं. गोड भात आणि गोड आंबा यांच्यात ही खारट रेघ नसेल तर चौथ्या घासाला तोंड मिटतं. आणि शिखरावर मुगाची डाळ, सालं काढलेली: भिजवून, बोटचेपी शिजवून, निथळून, मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत कोरडी भाजलेली. या डाळीवाचून हा पदार्थ नुसता मऊमऊ आहे.

आंबा कोणता? नाम दोक मायमध्ये आंबटपणा कमी आणि रेषा नाहीत. आपल्याकडचा हापूस चालतो, मात्र पूर्ण तयार झालेला. त्याचा वास नारळाच्या दुधावर मात करतो, हे कुणाला खटकेल, कुणाला आवडेल. केसर छान बसतो. पायरी आमरसासाठीच राहू द्यावी, तिच्या रसानं भात ओला होतो.

उरलेला भात फ्रिजमध्ये ठेवला की तासाभरात खडे. थंडीनं स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. वाफेवर धरला तर थोडा परत येतो, पण पहिल्यासारखा नाही. गरम हवेत नारळाचं दूध आंबायला वेळ लागत नाही, म्हणून करावा तेवढाच.

ड्युरियन, एका फळाचे चार जन्म

दिसायला फणसाचा भाऊ, पण नातं काही नाही. फणस वड-पिंपळ-उंबराच्या कुळातला, ड्युरियन भेंडी, कापूस आणि जास्वंदाच्या. वास गंधकाच्या संयुगांचा, म्हणून पुष्कळ हॉटेलांत त्याला प्रवेशबंदी. पूर्वेकडचे चंथाबुरी, रयोंग आणि त्रात हे प्रांत त्याचे मोठे बागायतदार. ‘मोन थोंग’, म्हणजे सोनेरी उशी, ही सर्वांत खपाची जात.

मलेशियात फळ झाडावरून आपण होऊन पडण्याची वाट पाहतात. थाई लोक ते आधीच उतरवतात, कारण त्यांना गर बाहेरून जरासा घट्ट आणि आतून लोण्यासारखा आवडतो. उतरवायची वेळ काठीनं ठोकून, आवाजावरून ठरवतात. पोकळ आवाज आला की गर सालीपासून सुटू लागला. घाई केली तर फळ मऊ पडतं पण गोड होत नाही, आणि अशा कोवळ्या फळांनी बाजार खराब होतो. म्हणून सरकारी मानकात मोन थोंगच्या गरात सुका अंश किमान 32 टक्के असावा असं ठरवलेलं आहे. कच्च्या ड्युरियनचे तळलेले काप होतात, केळ्याच्या वेफर्ससारखे, आणि त्यांना वास जवळपास नसतो. ज्याला धीर होत नाही त्यानं सुरुवात इथून करावी. पाडाचं नुसतं खायचं. पूर्ण पिकलेलं चिकट भातावर नारळाच्या दुधात. अतिपिकलेलं कढईत तासन्‌तास ढवळून आटवतात आणि लांब वळकटीसारखं गुंडाळून विकतात.

केळ्याबद्दल थोडक्यात. ‘क्लुएय बुआत ची’ या पदार्थाच्या नावाचा अर्थ ‘केळ्यानं जोगिणीची दीक्षा घेतली’. थाई बौद्ध जोगिणी पांढरी वस्त्रं नेसतात आणि इथे केळं पांढऱ्या दुधात. नेहमीचं मऊ केळं यात विरघळून जातं. राजेळीसारखं घट्ट, नुकतं पिकलेलं घेऊन सालासकट आठ-दहा मिनिटं वाफवायचं, मग सोलून दुधात पाच मिनिटं. न वाफवता टाकलं तर तुरटपणा दुधात उतरतो.

मँगोस्टीन आणि आपलं कोकम

मँगोस्टीन, थाईत मांगखुत, हे कोकमाच्या वंशातलं फळ, गार्सिनिया. थायलंडच्या दक्षिणेकडच्या आंबट रश्श्यात याच वंशातल्या आणखी एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या घालतात. त्याचं नाव सोम खेक. काम आपल्या आमसुलाचंच: आंबटपणा, आणि माशाचा उग्रपणा कमी करणं. घरी असा रस्सा करायचा असेल तर आमसुलं बेलाशक वापरावीत, रंग तेवढा लालसर येईल.

ड्युरियन उष्ण आणि मांगखुत थंड, म्हणून दोन्ही एकत्र खावीत असं थाई लोक मानतात. एवढं खरं की दोघांचा हंगाम एकाच वेळी येतो. नाखोन सी थम्मरात भागात कच्चं मांगखुतही खातात: सोलून, काडीला टोचून, पांढरंशुभ्र आणि करकरीत. सोलायचं काम पाण्यात करावं लागतं, कारण पिवळा चीक आणि हवा दोन्ही गराला डाग पाडतात. म्हणून सोललेलं फळ लगेच मीठ आणि चुन्याच्या निवळीत टाकतात.

पिकलेलं फळ निवडताना उलटं करून बुडाशी पाहावं. तिथे फुलाच्या आकाराची खूण असते. तिला जितक्या पाकळ्या तितक्या आत फोडी. पाकळ्या जास्त असलेलं घ्यावं, फोडी लहान निघतात आणि बी असलेल्या मोठ्या फोडी कमी. साल बोटानं दाबली की किंचित दबायला हवी. दगडासारखी झाली असेल तर फळ जुनं आहे. आतला गर पिवळा दिसला तर ती फोड सोडून द्यावी, कडू निघते. फोडायला सुरी लागत नाही, दोन्ही तळव्यांत धरून दाबलं की साल तडकते. मात्र त्या जांभळ्या सालीचा रस कपड्यावर उडू देऊ नये. काही हॉटेलं ड्युरियनबरोबर याही फळाला खोलीत येऊ देत नाहीत ती चादरींवरच्या याच डागांपायी. उडालाच तर ओला आहे तोवर धुवावा. वाळल्यावर तो कोकमाच्या डागासारखाच बसतो.